होल्बीची रात्रपाळी : 'कॅज्युअल्टी'चे पहिले पर्व, १९८६

६ सप्टेंबर १९८६, शनिवार. त्या रात्री बीबीसी वन वाहिनीवर 'कॅज्युअल्टी' या नव्या मालिकेचा पहिला भाग दाखवण्यात आला. भागाचे नाव होते 'गॅस'. होल्बी नावाचे एक काल्पनिक शहर, तिथले सार्वजनिक रुग्णालय, त्यातला अपघात विभाग आणि त्या विभागाची रात्रपाळी, एवढाच मालिकेचा परीघ. २७ डिसेंबरपर्यंत पंधरा भाग झाले आणि पहिले पर्व संपले. ही मालिका आजही चालू आहे आणि जगातील सर्वाधिक काळ चाललेल्या रुग्णालय-मालिकांत तिची गणना होते. इथे मात्र विचार करायचा आहे तो फक्त त्या पहिल्या पंधरा भागांचा, कारण १९८६ च्या ब्रिटनचे ते एक ऐतिहासिक साधन आहे.

दूरचित्रवाणी मालिका हे साधन कसे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मराठी इतिहासाच्या वाचकाला त्याचे उत्तर बखरींच्या अनुभवातून सापडेल. बखरीतली सनावळी चुकते, संवाद रचलेले असतात, तरीही बखरकाराच्या काळाला काय सलत होते ते तिच्यातून कळते. अस्सल कागद आणि बखर यांच्याकडे विचारायचे प्रश्नच वेगळे असतात. 'कॅज्युअल्टी'कडे बखरीचे प्रश्न घेऊन गेले पाहिजे.

मालिकेचे निर्माते जेरेमी ब्रॉक आणि पॉल अनविन तेव्हा तिशीच्याही आतले होते. बीबीसीकडे त्यांनी जो प्रस्ताव पाठवला त्याची सुरुवात कथानकाने झाली नव्हती. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या रूपाने एक स्वप्न जन्माला आले आणि १९८५ साली त्याच्या चिंध्या झाल्या आहेत, अशा आशयाने तो प्रस्ताव उघडत होता. मनोरंजनाच्या मालिकेचा प्रस्ताव राजकीय जाहीरनाम्यासारखा सुरू व्हावा, ही गोष्ट तेव्हाही नेहमीची नव्हती.

ते स्वप्न काय होते? दुसरे महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. युद्धानंतर सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारात अन्यूरिन बेव्हन आरोग्यमंत्री झाले. वेल्समधल्या खाणकामगाराच्या घरात जन्मलेला आणि स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेला हा मंत्री. ५ जुलै १९४८ पासून देशातली बहुतेक रुग्णालये राष्ट्रीय सेवेखाली आली. उपचाराच्या वेळी रुग्णाने पैसे द्यायचे नाहीत. खर्च मुख्यतः करांतून भागवायचा. तीनच वर्षांत, १९५१ साली, दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावण्याचा निर्णय झाला तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. म्हणजे 'मोफत' या शब्दावरचे भांडण सेवेच्या बाल्यावस्थेपासूनच चालू आहे.

या सेवेच्या घरात अपघात विभाग मात्र बराच काळ सावत्र राहिला. छातीचा, हृदयाचा, मेंदूचा असे प्रतिष्ठित विभाग वेगळे. अपघात विभाग म्हणजे दारावरची ओसरी. तिथे बहुधा नवशिके डॉक्टर असत, आणि तेही पुढे दुसरीकडे जाण्याची वाट पाहत. १९६२ च्या प्लॅट अहवालाने 'कॅज्युअल्टी' हे नाव बदलून 'अ‍ॅक्सिडेंट अँड इमर्जन्सी' असे करावे, अशी शिफारस केली. १९७२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर या विभागांसाठी ३२ पूर्णवेळ तज्ज्ञ नेमले गेले, तेव्हा कुठे या कामाला वैद्यकातील स्वतंत्र शाखा म्हणून मान मिळू लागला. सरकारी कागदांत नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला आणि मालिकेनेही तोच उचलला. (आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही 'कॅज्युअल्टी' हाच शब्द अजून रुळलेला आहे.)

पहिल्या पर्वाचा खरा संदर्भ मात्र १९८३ चा आहे. १९७९ पासून मार्गारेट थॅचर यांचे हुजूर पक्षाचे सरकार सत्तेवर होते. आरोग्य सेवा आमच्या हाती सुरक्षित आहे, असे आश्वासन थॅचर यांनी १९८२ च्या पक्ष-अधिवेशनात दिले होते. पुढच्याच वर्षी सेवेच्या कारभाराची तपासणी करण्याचे काम सेन्सबरी या किराणा-दुकानांच्या साखळीचे रॉय ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांचा अहवाल ऑक्टोबर १९८३ मध्ये आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आज दिवा घेऊन रुग्णालयात फिरल्या असत्या, तर इथला प्रमुख कोण हेच त्या शोधत राहिल्या असत्या, अशा अर्थाचे त्यातले विधान फार गाजले. तोवर रुग्णालये डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासक यांच्या सहमतीने चालत. त्या जागी एकच जबाबदार सरव्यवस्थापक असावा, हे ग्रिफिथ्स यांचे सूत्र सरकारने स्वीकारले.

त्या टीकेत तथ्य होते. कोणी निर्णयच घेत नसेल तर त्याची किंमत रुग्णच मोजतो. पण व्यवस्थापक आला की त्याच्यामागून हिशेबाची वही येते, आणि त्या वहीत रात्रपाळी हा महागडा रकाना असतो. 'कॅज्युअल्टी'च्या पहिल्या पर्वाने नेमका हाच रकाना पकडला. होल्बीच्या अपघात विभागाची रात्रपाळी चालू ठेवायची की बंद करायची, ही टांगती तलवार पर्वभर आहे. शेवटच्या भागाचे शीर्षकच 'क्लोजर', म्हणजे बंद होणे. रुग्ण वाचेल का हा रुग्णालय-मालिकेतला नेहमीचा प्रश्न. या मालिकेने त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवला : पुढच्या महिन्यात इथे कोणी जागे असेल का?

आधीच्या मालिकांशी तुलना केली की हा फरक ठळक होतो. आयटीव्हीवरील 'इमर्जन्सी वॉर्ड १०' (१९५७–१९६७) डॉक्टर-परिचारिकांच्या जिव्हाळ्यावर आणि प्रेमप्रकरणांवर चालली. बीबीसीच्या 'एंजल्स'ने (१९७५–१९८३) शिकाऊ परिचारिकांचे जगणे पुष्कळ रोखठोकपणे दाखवले आणि 'कॅज्युअल्टी'ची वाट काही अंशी तिनेच तयार केली. तरीही रुग्णालयाचे अंदाजपत्रक हा कथानकाचा खलनायक व्हावा, हे होल्बीतच घडले.

पात्रांची निवडही विचारपूर्वक होती. केंद्रस्थानी डॉक्टर नाही, तर चार्ज नर्स चार्ली फेअरहेड हा पुरुष परिचारक आहे. ही भूमिका डेरेक थॉम्पसन यांनी केली, आणि मार्च २०२४ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीतल्या एका प्रत्यक्ष चार्ज नर्सवरून हे पात्र बेतलेले होते. विभागाचे वडीलधारे तज्ज्ञ ईवार्ट प्लिमर (बर्नार्ड गॅलाघर), तरुण डॉक्टर बाझ सॅम्युअल्स (जुलिया वॉटसन), परिचारिका डफी (कॅथरीन शिप्टन), कुबा नावाचा पोलिश वॉर्डबॉय, कृष्णवर्णीय क्लाइव्ह किंग आणि आयरिश मेगन रोच असा हा गोतावळा. क्लाइव्हच्या भूमिकेतले जॉर्ज हॅरिस हे पुढे हॅरी पॉटर चित्रपटांत किंग्जले शॅकलबोल्ट म्हणून दिसले. मेगन झालेल्या ब्रेंडा फ्रिकर यांना 'माय लेफ्ट फूट'मधील भूमिकेसाठी १९९० साली ऑस्कर मिळाले.

मेगनपाशी थोडे थांबले पाहिजे. ती 'स्टेट एन्रोल्ड नर्स' आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा परिचारिकांचे दोन दर्जे होते : तीन वर्षांच्या शिक्षणाची नोंदणीकृत परिचारिका आणि दोन वर्षांच्या, अधिक प्रात्यक्षिक शिक्षणाची एन्रोल्ड परिचारिका. दुसरीला बढतीची वाट जवळजवळ बंद. मुले वाढवून झालेल्या, परदेशांतून आलेल्या, कामगारवस्तीतल्या अनेक स्त्रिया याच दर्जात अडकत. १९८६ मध्येच 'प्रोजेक्ट २०००' हा परिचारिका-शिक्षणाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्यात हा दुय्यम दर्जाचा अभ्यासक्रम थांबवण्याची शिफारस होती. विभागातली सर्वांत अनुभवी, सर्वांना सांभाळून घेणारी बाई कागदावर सर्वांत खालच्या पायरीवर आहे, हे मालिकेने फारसे न बोलता दाखवले. पहिल्या पर्वातली ही सर्वांत टोकदार नोंद म्हणावी लागेल.

होल्बी काल्पनिक असले तरी चित्रीकरण ब्रिस्टलचे होते. रुग्णालयाची बाहेरची बाजू म्हणून अ‍ॅशली डाउन भागातील ब्रुनेल तंत्रमहाविद्यालयाच्या इमारती वापरल्या गेल्या. या दगडी इमारती मुळात जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथालयाच्या. तिथले पहिले घर १८४९ साली उघडले, १८७० पर्यंत अशी पाच घरे झाली आणि त्यांत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. म्यूलर कोणाकडे वर्गणी मागत नसत. प्रार्थना करत आणि येईल त्या देणगीवर संस्था चालवत. निराधाराचा सांभाळ ही दात्याची मर्जी असलेल्या काळाची ही वास्तू. तो सांभाळ नागरिकाचा हक्क ठरल्यानंतरच्या संस्थेचा दर्शनी भाग म्हणून तीच पडद्यावर आली. हा केवळ योगायोग आहे, त्यावर फार भार टाकू नये. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो नोंदवायला हरकत नाही.

मालिका गाजू लागली तशी टीकाही झाली. ती डावीकडे झुकलेली आहे, आरोग्य सेवेचे चित्र मुद्दाम काळे रंगवते, अशी तक्रार हुजूर पक्षाच्या गोटातून आली. ही तक्रार एकटी नव्हती. बीबीसीला जाहिरातींवर जगवता येईल का हे तपासण्यासाठी सरकारने नेमलेल्या पीकॉक समितीचा अहवाल जुलै १९८६ मध्ये आला होता. समितीने जाहिरातींचा मार्ग सुचवला नाही, पण टांगणी सुटली नव्हती. ऑक्टोबरमध्ये, पर्व चालू असतानाच, पक्षाध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी लिबियावरील अमेरिकी हवाई हल्ल्यांच्या वार्तांकनाबद्दल बीबीसीवर पक्षपाताचा आरोप केला. जानेवारी १९८७ मध्ये महासंचालक अ‍ॅलास्डेअर मिल्न यांना पद सोडावे लागले. एका सार्वजनिक संस्थेची कैफियत दुसरी सार्वजनिक संस्था मांडत होती, आणि दोघींचेही दिवस भरत आल्याची कुजबूज होती. पहिल्या पर्वातला तो धारदार स्वर या दुहेरी धास्तीतून आलेला आहे.

मालिकेचे चित्र अतिरंजित होते का? नाट्याचा भाग वजा करावाच लागेल. परंतु १९८७ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये परिचारिकांच्या तुटवड्यामुळे एका बाळाची हृदयशस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि प्रकरण न्यायालयात पोचले. त्याच डिसेंबरात तीन रॉयल कॉलेजांच्या अध्यक्षांनी सेवा मोडण्याच्या बेतात असल्याचे संयुक्त निवेदन काढले. जानेवारी १९८८ मध्ये थॅचर यांनी बीबीसीच्याच 'पॅनोरमा' कार्यक्रमात आरोग्य सेवेच्या फेरआढाव्याची घोषणा केली. त्यातून १९८९ ची श्वेतपत्रिका आणि १९९१ पासूनची 'अंतर्गत बाजारपेठ' आली. मालिकेमुळे हे घडले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. जे राजकारणाच्या मध्यभागी १९८७–८८ मध्ये आले, ते होल्बीत वर्षभर आधी बोलले जात होते, एवढे मात्र तारखाच सांगतात.

बखरीचा दुसरा नियम असा की ती काय सांगत नाही हेही तपासावे. पहिल्या पर्वाच्या मुख्य पात्रांत पोलिश आहे, आयरिश आहे, कृष्णवर्णीय आहे; भारतीय उपखंडातून आलेला डॉक्टर एकही नाही. वास्तव काय होते? नोव्हेंबर १९६१ मध्येच लॉर्ड कोहेन यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सांगितले होते की भारत-पाकिस्तानातून आलेले तरुण डॉक्टर नसते तर ही आरोग्य सेवा कोसळली असती. १९७१ च्या सुमारास इंग्लंडच्या आरोग्य सेवेतील जवळपास ३१ टक्के डॉक्टर परदेशांत जन्मलेले व शिकलेले होते, आणि त्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या (स्थापना १८४५) वसाहतकालीन संस्थांचा अभ्यासक्रम ब्रिटिश वळणाचा असल्याने हा प्रवास सोपा झाला होता. जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता १९७५ मध्ये काढून घेतली, तरी जे आले होते ते तिथेच होते. आणि ते कुठे होते? स्थानिक डॉक्टरांना नकोशा वाटणाऱ्या जागांवर : वृद्धांच्या वॉर्डांत, मनोरुग्णालयांत, औद्योगिक वस्त्यांतल्या दवाखान्यांत आणि अपघात विभागांच्या रात्रपाळीत.

सेवेच्या चिंध्या झाल्या म्हणणाऱ्यांना, ती शिवून ठेवणारे हात दिसले नाहीत. ब्रॉक आणि अनविन यांच्या मनात द्वेष होता असे मुळीच नाही. त्यांची मालिका त्या काळाच्या मानाने उदारच होती. १९४८ चे स्वप्न त्यांनी 'ब्रिटिश' स्वप्न म्हणून पाहिले आणि त्या चौकटीत हे डॉक्टर मावले नाहीत. दुसऱ्या पर्वात, १९८७ मध्ये, किरण ही परिचारिका आली. दक्षिण आशियाई वंशाची डॉक्टर मुख्य पात्रांत यायला १९८९ उजाडले : चौथ्या पर्वातली बेथ रमानी, ममता काश यांनी साकारलेली. साठच्या दशकाच्या आरंभी तिथे गेलेले भारतीय डॉक्टर तोवर पन्नाशीत पोचले होते.