बनाबाचे फॉस्फेट : हिशेबात न मावलेले बेट

सिडनी येथील पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कार्यालयात दार अडवण्यासाठी एक दगड ठेवलेला असे. नाऊरू बेटावरून आलेला हा तुकडा अश्मीभूत लाकडाचा आहे, असा समज होता. कंपनीचे कर्मचारी अल्बर्ट एलिस यांनी १८९९ मध्ये तो तपासला आणि ते उच्च प्रतीचे फॉस्फेट असल्याचे निष्पन्न झाले. खोबऱ्याच्या आणि ग्वानोच्या व्यापारात जेमतेम तग धरून असलेल्या कंपनीच्या दृष्टीने हा शोध नशीब पालटवणारा होता. फॉस्फेटच्या दगडावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की सुपरफॉस्फेट हे खत मिळते आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील निकस जमिनींना त्याची नितांत गरज होती.

अडचण एकच होती. नाऊरू तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होते. तेथून पूर्वेला सुमारे ३०० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेल्या बनाबा ऊर्फ ओशन आयलंडवर मात्र अद्याप कोणत्याही युरोपीय सत्तेचा झेंडा नव्हता. दोन्ही बेटांची घडण सारखीच असल्याने तेथेही फॉस्फेट असणार, हा एलिस यांचा तर्क खरा ठरला. ३ मे १९०० रोजी त्यांनी बेटावरील प्रमुखांकडून एका करारावर खुणा करवून घेतल्या. बेटावरील सर्व फॉस्फेट काढून नेण्याचा हक्क ९९९ वर्षांसाठी मिळाला आणि मोबदला ठरला वर्षाला ५० पौंड, तोही रोख किंवा तेवढ्या किमतीच्या मालाच्या रूपात. करारात ज्यांना ‘राजा’ म्हटले, त्यांना साऱ्या बेटाच्या वतीने बोलण्याचा अधिकारच नव्हता. बनाबात जमीन व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या मालकीची असे. पुढच्या वर्षी ब्रिटनने बेट आपल्या साम्राज्यात सामील करून घेतले.

हक्क स्वस्तात मिळाला, तरी दगड बेटाबाहेर काढणे स्वस्त नव्हते. जेमतेम सहा चौरस किलोमीटरच्या या बेटाला ना बंदर, ना खाडी. किनाऱ्यालगत प्रवाळाची कड आणि ती ओलांडताच समुद्राचा तळ एकदम खोल जातो. जहाजाला नांगर टाकायला जागाच नाही! त्यामुळे विलक्षण खोल पाण्यात साखळदंडांनी जखडलेले बोये बसवून जहाजे त्यांना बांधावी लागत. टोपल्यांत भरलेले फॉस्फेट लहान होड्यांतून लाटांमधून जहाजापर्यंत न्यायचे आणि तेथे वर ओढून घ्यायचे, अशी ही सगळी कसरत होती. पश्चिमेचे वारे सुरू झाले की तीही थांबे. मग बोये सोडून जहाजे दिवसेंदिवस समुद्रात तरंगत राहत आणि माल चढो वा न चढो, जहाजाचा खर्च चालूच राही. नाऊरूवर १९३० मध्ये समुद्रावर झेपावणारी पोलादी यंत्रणा उभी राहिली, तेव्हा माल भरण्याचा वेग वाढला, पण वाऱ्यावर उपाय तिच्याकडेही नव्हता. डिसेंबर १९४० मध्ये व्यापारी जहाजांचे सोंग घेतलेल्या जर्मन युद्धनौकांनी नाऊरूच्या परिसरात पाच जहाजे बुडवली. त्यांपैकी काही हवामान निवळण्याची वाट पाहत ताटकळलेली होती.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बनाबावर नदी किंवा ओढा नाही. पाऊस लहरी. १८७० च्या दशकातील भीषण दुष्काळात बेटाची बहुसंख्य लोकसंख्या नष्ट झाली होती. जमिनीखालच्या ‘बंगाबंगा’ नावाच्या गुहांत साचलेले पाणी हाच दुष्काळातला आधार आणि तेथे उतरून पाणी आणण्याचा मान केवळ स्त्रियांचा. अशा ठिकाणी शेकडो कामगारांची वसाहत उभी करायची, तर समुद्राच्या पाण्याचे ऊर्ध्वपातन करणारी यंत्रे हवीत आणि त्या यंत्रांना कोळसा हवा. तोही जहाजानेच येणार.

मनुष्यबळाचेही तेच. बेटावर १९०० मध्ये जेमतेम साडेचारशे माणसे होती. गिल्बर्ट बेटांतून, जपान आणि चीनमधून मजूर आणावे लागले. फॉस्फेट प्रवाळाच्या उंच सुळक्यांमधील खाचांत भरलेले असल्याने ते प्रामुख्याने हातानेच खणून काढावे लागे. त्याआधी वरची नारळाची आणि केवड्याच्या जातीची झाडे तोडावी लागत. खणून झाल्यावर उरत ते उघडे सुळके. तेथे पुन्हा काही पिकणे दुरापास्त.

१९०२ मध्ये पॅसिफिक फॉस्फेट कंपनी स्थापन झाली. नाऊरूवरील हक्क असलेल्या जर्मन कंपनीला तिने समभाग दिले आणि १९०६ पासून तेथेही खाणकाम सुरू झाले. जहाज, कोळसा, पाणी, मजुरी या प्रत्येक बाबीला बाजारभाव होता आणि तो कंपनीला मोजावाच लागे. वाटाघाटीत दाबता येण्याजोगी बाब एकच उरली, ती म्हणजे बेटवासीयांची जमीन. बनाबावासीयांनी १९०९ नंतर आणखी जमीन देण्यास नकार दिला, तेव्हा कुठे १९१३ च्या करारात टनामागे सहा पेन्स स्वामित्वधन आणि शक्य तेथे पुन्हा झाडे लावण्याचे आश्वासन पदरात पडले.

१९२० मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या तीन सरकारांनी ३५ लाख पौंडांना सारा व्यवसाय विकत घेऊन ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’कडे सोपवला. आता नफा मिळवायचा नव्हता, तर शेतकऱ्यांना उत्पादनखर्चात खत द्यायचे होते. वरवर उदार वाटणारे हे धोरण बनाबाला अधिकच जाचक ठरले. नफाच नसेल तर त्यात वाटा कसला मागणार? शिवाय स्वामित्वधन वाढवणे म्हणजे थेट खताचा भाव वाढवणे. १९२८ मध्ये लोकांनी आणखी जमीन नाकारली, तेव्हा ती सक्तीने घेण्याचा कायदा करण्यात आला.

१९४२ मध्ये जपानने बेट घेतले. युद्ध संपल्यावर डिसेंबर १९४५ मध्ये बनाबावासीयांना फिजीतील राबी बेटावर नेण्यात आले. ते बेट त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून खरेदी केलेले होते. इकडे खाणी सुरूच राहिल्या. १९७० च्या दशकात हा वाद लंडनच्या न्यायालयात गेला आणि न्यायमूर्ती रॉबर्ट मेगॅरी यांनी बेटावर जाऊन पाहणीही केली. १९७६ च्या निकालात सरकारवर विश्वस्त म्हणून कायदेशीर जबाबदारी येत नाही, असे त्यांनी ठरवले. झाडे न लावल्याबद्दल मिळालेली भरपाई नाममात्र होती. पुढच्या वर्षी तिन्ही सरकारांनी एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले.

१९७९ मध्ये फॉस्फेट संपले आणि खाणकाम थांबले. तोवर सुमारे दोन कोटी टन माल बेटाबाहेर गेला होता. त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या किरिबातीत बनाबाचा समावेश झाला. आता तेथे काही शे लोक राहतात. जुन्या गुहांतील पाण्यावर त्यांना विसंबता येत नाही. २०२० च्या अखेरीस समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रणा बंद पडली, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी त्यांना बाहेरून येणाऱ्या मदतीची वाट पाहावी लागली.