पूर्व-पश्चिम ठेवलेली कांब

इंग्लंडमध्ये १८६८ साली सॅक्सबी यांनी लोखंड न तोडता त्यातला दोष शोधायची एक रीत मांडली. लोखंडी कांब पूर्व-पश्चिम ठेवायची आणि छोटं होकायंत्र तिच्या लगत सरकवत न्यायचं. लोखंड एकसंध असेल तर सुई उत्तरेकडेच राहते. आत भेग असेल तिथे ढळते. वेगळं चुंबक लागत नाही, पृथ्वीचं पुरतं.

पूर्व-पश्चिमच का? तापलेलं लोखंड उत्तर-दक्षिण धरून ठोकलं तर ते चुंबक बनतं, हे विल्यम गिल्बर्टने १६०० सालीच लिहून ठेवलं होतं. कांब आडवी ठेवली की तिची टोकं ध्रुव बनत नाहीत. मग सुई हलली तर ती दोषामुळेच.

पण पृथ्वीचं क्षेत्र क्षीण, २५ ते ६५ मायक्रोटेस्ला. विसाव्या शतकात विजेने पोलाद चुंबकित करून भेगेवर जमणारी लोखंडाची भुकटी पाहू लागले. पृथ्वीची गरज संपली.

लुडबुड मात्र संपली नाही. तपासणीनंतर दिशा बदलणारं क्षेत्र कमी कमी करत चुंबकत्व उतरवतात. ते शून्याजवळ आलं की पृथ्वीचं क्षेत्र आपला ठसा उमटवतं. लांब शाफ्ट उत्तर-दक्षिण असेल तर चुंबकत्व उरतं, लोखंडाचा कीस चिकटतो, बेअरिंग झिजतं. विमानात असा भाग होकायंत्राजवळ असेल तर दिशा चुकू शकते. सॅक्सबींची सुई भेगेमुळे ढळायची. ही निर्दोष भागामुळे ढळेल. म्हणून लांब भाग आजही पूर्व-पश्चिमच ठेवतात.