इंग्रजीतल्या चुका कोणी ठरवल्या?

२००८ साली ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांनी झटपट बिलाच्या रांगांवरच्या पाट्या बदलायला घेतल्या. ‘टेन आयटम्स ऑर लेस’ हे शब्द व्याकरणाबद्दल जागरूक असलेल्या ग्राहकांना वर्षानुवर्षं खटकत होते. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ नव्हे, ‘फ्यूअर’ हवं, असं त्यांचं म्हणणं. अखेर ‘अप टू टेन आयटम्स’ अशी वाद मिटवणारी पाटी आली.

या नियमाचा माग काढत गेलं की आपण १७७० सालच्या एका छोट्या पुस्तकापाशी पोचतो. ‘रिफ्लेक्शन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज’च्या पहिल्या आवृत्तीवर लेखकाचं नावही नव्हतं. तो होता रॉबर्ट बेकर. शाळा पंधराव्या वर्षाआधीच सुटली, ग्रीक येत नाही, लॅटिन जेमतेम, हे त्यानेच प्रस्तावनेत सांगून टाकलंय. संख्येबद्दल बोलताना लोक सर्रास ‘लेस’ म्हणतात, मला मात्र ‘फ्यूअर’ बरं वाटतं, एवढंच त्याचं मत होतं. त्याच्या आधी जवळजवळ नऊशे वर्षं राजा आल्फ्रेड शब्दांच्या संख्येबद्दल लिहिताना ‘लेस’चंच जुनं रूप वापरत होता. एका माणसाची आवड पुढच्या व्याकरणकारांनी उचलली आणि तिचा कायदा झाला.

तो काळच तसा होता. व्यापारात पैसा मिळवलेल्या नव्या मध्यमवर्गाला उमरावांसारखं बोलायचं होतं, आणि शुद्ध काय ते सांगणारं कुणीतरी हवं होतं. इंग्रजीला शिस्त लावणारी विद्वानांची संस्था स्थापा, अशी मागणी जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्येच केली होती. ती संस्था कधीच झाली नाही. मग ते काम पाद्री, मास्तर आणि हौशी लेखक आपापल्या परीने करू लागले. सॅम्युअल जॉन्सननेही भाषा स्थिर करण्याच्या उमेदीने कोशाला हात घातला होता. १७५५ च्या प्रस्तावनेत मात्र ती आशा व्यर्थ असल्याचं त्याने मोकळेपणाने मान्य केलं. हा प्रामाणिकपणा पुढच्या अनेक शुद्धतावाद्यांना जमला नाही.

रॉबर्ट लाउथचं व्याकरण १७६२ मध्ये आलं. पुढे लंडनचा बिशप झालेल्या या विद्वानाने शेक्सपिअर, मिल्टन आणि बायबलचं भाषांतर यांतल्या चुका तळटीपांत टिपल्या. दोन नकार एकमेकांना खोडतात, हा नियमही त्याच्या व्याकरणातून शाळाशाळांत पोचला. चॉसरच्या काळी दोन नकारांनी नकार उलट ठसठशीत होत असे! वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नको, ही तक्रार मात्र त्याहून जुनी. १६७२ मध्ये जॉन ड्रायडनने बेन जॉन्सनला त्यावरून दोष दिला आणि पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातली तसली वाक्यंही बदलली. लाउथ या बाबतीत सौम्य होता. बोलण्यात आणि घरगुती लिखाणात ही रचना चालते, असं त्याने म्हटलंय. नाव मात्र त्याचंच बदनाम झालं.

‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे निःपक्षपाती आणि ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही तो, हा फरक आज कसोशीने शिकवला जातो. सतराव्या शतकातल्या सुरुवातीच्या नोंदी पाहिल्या तर अर्थ नेमके उलटे सापडतात. आजचा फरक उपयोगाचा आहे, तो जपावा. पण तो सनातन आहे असं सांगणं खोटं ठरेल.

मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी राहिलेल्या जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थने १९०७ मध्ये हिंदी लोकांच्या इंग्रजीतल्या चुकांवर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडच्या पिढ्यांनी घोकलेल्या ‘रेन अँड मार्टिन’मधले रेनही याच इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते, ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्यांचीच. साहेबाचं व्याकरण आपल्याकडे असं वर्गातून आणि कचेरीतून आलं, आणि त्याबरोबर बोलताना चुकण्याची भीतीही आली. ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून लाल शाई उचलण्याआधी शिक्षकांनी खरी चूक आणि कुणाची तरी जुनी आवड यांतला फरक तपासावा. ‘डिस्कस अबाउट’ प्रमाण इंग्रजीत बसत नाही, ते जरूर सुधारावं. पण ‘हू आर यू टॉकिंग टू’ हे वाक्य बरोबर आहे. ते बोलणाऱ्या मुलाला अडवू नये.