बंदिस्त पक्ष्यांच्या अधिवास-पसंतीचा अभ्यास

बंदिस्त पक्ष्यांच्या अधिवास-पसंतीचा अभ्यास हा प्राणिवर्तनशास्त्र आणि प्राणिकल्याणशास्त्र या दोन्ही शास्त्रांशी संबंधित असा अभ्यासविषय आहे. पिंजरा, खुराडे किंवा पक्षिगृह यांत ठेवलेला पक्षी कोणती जागा, पृष्ठभाग, प्रकाश वा सोबत निवडतो आणि त्या निवडीसाठी किती श्रम घेतो, यांचे निरीक्षण करून त्याच्या गरजा ठरवणे हे या अभ्यासाचे उद्दिष्ट होय.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अंड्यांसाठी कोंबड्या तारेच्या अरुंद बॅटरी पिंजऱ्यांत पाळण्याची पद्धत रूढ झाली. रूथ हॅरिसन यांच्या 'ॲनिमल मशीन्स' (१९६४) या पुस्तकाने या पद्धतीवर टीका केली. त्यानंतर ब्रिटिश सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक तारेची षट्कोनी जाळी कोंबड्यांच्या पायांना त्रासदायक असावी, असे समजून ती पिंजऱ्याच्या तळासाठी वापरू नये, अशी शिफारस समितीने केली.

ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी १९७३ मध्ये कोंबड्यांनाच निवडीची संधी दिली, तेव्हा त्यांनी हीच बारीक जाळी पसंत केली. या जाळीवर पंजाला अनेक ठिकाणी आधार मिळतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. पक्ष्याला काय सोयीचे वाटते हे माणसाच्या अंदाजावरून ठरवता येत नाही, याचे उदाहरण म्हणून हा प्रयोग आजही सांगितला जातो.

अभ्यासपद्धती

निरीक्षण : प्रथम त्या जातीची वर्तनसूची तयार करतात. चरणे, पिसे साफ करणे, धूळस्नान, विश्रांती, भांडण इत्यादी कृतींची तीत व्याख्या केलेली असते. नंतर ठराविक अंतराने प्रत्येक पक्षी कोठे आहे व काय करीत आहे, याची नोंद घेतात. पिंजऱ्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागाचा वापर मोजला जातो. निरीक्षणाच्या या पद्धतींची शिस्तबद्ध मांडणी जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये केली.

निवड चाचणी : पक्ष्यापुढे दोन किंवा अधिक पर्याय ठेवून तो कोठे जातो व किती वेळ थांबतो, हे पाहतात.

श्रम चाचणी : हवी ती गोष्ट मिळवण्यासाठी पक्ष्याला जड दार ढकलावे लागते. दाराचे वजन वाढवत नेले की गरजेची तीव्रता कळते. अंडे घालण्याची वेळ जवळ येते तशी कोंबडी घरट्याच्या पेटीपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक जोर लावते, तसेच रात्री बसायला दांडी मिळावी म्हणूनही ती दार ढकलते, असे आढळले आहे.

प्रमुख निष्कर्ष

धूळस्नानासाठी माती वा वाळू नसली, तरी कोंबडी तारेच्या तळावरच त्या हालचाली करते. म्हणजेच साधन काढून घेतल्याने प्रेरणा नाहीशी होत नाही. युरोपीय स्टार्लिंग हा मैनेच्या कुळातील पक्षी समोर आयते खाद्य असतानाही काही खाद्य शोधून मिळवणे पसंत करतो. याच पक्ष्यांच्या पिंजऱ्यातील समृद्ध साधने काढून घेतली असता ते संदिग्ध संकेतांचा अर्थ अधिक प्रतिकूल लावतात, असे बेटसन व मॅथेसन यांनी २००७ मध्ये दाखवले. ॲमेझॉन पोपटांना खाद्य शोधण्याची आणि चढण्या-झुलण्याची साधने दिल्यास स्वतःची पिसे उपटण्याची सवय कमी होते.

मर्यादा

निवडीवर पूर्वानुभवाचा प्रभाव पडतो. मॅरियन डॉकिन्स यांच्या १९७७ मधील प्रयोगांत बॅटरी पिंजऱ्यात राहिलेल्या कोंबड्यांनी प्रारंभी मोकळ्या आवाराऐवजी पिंजराच निवडला. आवाराचा परिचय झाल्यावर मात्र त्यांची पसंती बदलली. म्हणून एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. निवड ही केवळ तुलनात्मक असते. दिलेले दोन्ही पर्याय वाईट असू शकतात. थव्यात दुर्बळ पक्ष्याला प्रबळ पक्ष्यांमुळे हवी ती जागा मिळत नाही. शिवाय तात्कालिक आवड दीर्घकालीन आरोग्यास हितकारक असेलच असे नाही. त्यामुळे आरोग्य, पिसांची स्थिती व साचेबद्ध वर्तन यांच्या नोंदीही सोबत घेतल्या जातात.

परिणाम

युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१२ पासून साध्या बॅटरी पिंजऱ्यांवर बंदी आली. त्यांऐवजी वापरावयाच्या सुसज्ज पिंजऱ्यांत प्रत्येक कोंबडीस किमान ७५० चौरस सेंटीमीटर जागा, घरटे, दांडी आणि चोच मारण्यास व उकरण्यास योग्य असा भुसा यांसारखा थर आवश्यक करण्यात आला.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देशी पोपट घरी पाळण्यास मनाई आहे. प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवण्यासाठी १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. प्राणिसंग्रहालयांतील पक्षिगृहांची रचना करताना वरील पद्धती उपयोगी पडतात. वर्तनसूची व नोंदवही एवढ्याच साधनांनी निरीक्षण करता येत असल्याने विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठीही हा विषय सुलभ आहे.

हेही पहा

प्राणिवर्तनशास्त्र
कुक्कुटपालन
प्राणिसंग्रहालय