वसई, पोर्तुगीजकालीन
उल्हास खाडीच्या मुखावरील दुर्गनगर. गुजरातच्या बहादुरशाहाने १५३४ च्या तहान्वये ते पोर्तुगीजांस दिले. तटाच्या आत सरदारांचे वाडे व ख्रिस्ती मठ होते. गावांच्या उत्पन्नाच्या मोबदल्यात जमीनदारांना घोडा व शस्त्रे बाळगून लढाईस उभे राहावे लागे. कल्याण-भिवंडीची जहाजे वसई वा ठाण्यावरूनच समुद्रात जात, आणि ही दोन्ही ठाणी पोर्तुगीजांची होती. त्यामुळे शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन जहाजबांधणी आरंभिताच वसईकर सावध झाले. महाराजांच्या चाकरीतील पोर्तुगीज कारागीर त्यांनी १६५९ मध्ये वळवून नेले. समुद्राकडून तट भक्कम होता. रयत मात्र धर्मछळाने दुरावली होती. स्थानिक वतनदारांनीच पेशव्यांचे साहाय्य मागितले. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये सुरुंगांनी तट फोडून किल्ला जिंकला.