शरदातल्या पऱ्या

आज मी तुम्हाला एका लहानशा पुस्तकाची हकीकत सांगणार आहे. पुस्तक इंग्रजीतले आहे, मुलांसाठीचे आहे आणि हाताच्या पंजात मावेल एवढे आहे. त्याचे नाव 'फ्लॉवर फेअरीज ऑफ द ऑटम'. सिसिली मेरी बार्कर या चित्रकर्तीने ते केले आणि १९२६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पानापानावर एक झाड किंवा वेल, तिच्याजवळ त्याच झाडाचा पोशाख घातलेली एक परी आणि सोबत छोटीशी कविता, अशी त्याची रचना आहे. इंग्लंडमध्ये हे पुस्तक वाचून तीन-चार पिढ्या मोठ्या झाल्या.

सिसिलीचा जन्म १८९५ चा. लंडनच्या दक्षिणेला असलेले क्रॉयडन हे तिचे गाव. लहानपणी तिला फिट येत, त्यामुळे ती शाळेत गेली नाही. घरीच शिकली आणि बराच वेळ अंथरुणात चित्रे काढीत राहिली. वडील बियाण्यांच्या व्यापारातले, पण हातात कला असलेले. मुलीचा कल ओळखून त्यांनी तिला वयाच्या तेराव्या वर्षी क्रॉयडनच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गाला घातले. १९१२ मध्ये ते वारले आणि घरची स्थिती ओढगस्तीची झाली. थोरली बहीण डोरोथी हिने पुढे राहत्या घरातच बालवाडी चालवली. सिसिली चित्रे आणि कविता विकू लागली.

पहिले महायुद्ध संपल्यावर तिने वसंत ऋतूतल्या फुलांच्या पऱ्या चितारल्या. काही प्रकाशकांनी नकार दिला. अखेर ब्लॅकी अँड सन या कंपनीने १९२३ मध्ये ते पुस्तक काढले. चोवीस चित्रे आणि त्यांच्या कविता या सगळ्यांचे मिळून तिला पंचवीस पौंड मिळाले. पुस्तक खपले तेव्हा पुढच्या, म्हणजे ग्रीष्माच्या पुस्तकापासून तिला मानधनात टक्केवारी मिळू लागली. त्यानंतर शरद आला. ही ब्लॅकी कंपनी आपल्याला अगदीच परकी नाही. तिचे कार्यालय मुंबईत होते आणि त्या काळातल्या तिच्या अनेक पुस्तकांवर लंडन, ग्लासगो यांच्या जोडीला मुंबईचेही नाव छापलेले असे.

वसंताचे आणि ग्रीष्माचे पुस्तक काढणे तसे सोपे. फुले असतात, रंग असतात. शरदात इंग्लंडमध्ये फुले सरत आलेली असतात, पाने पिवळी-तांबडी होऊन गळू लागतात. मग परीला बसवायचे कुठे? सिसिलीने फळांकडे पाहिले. म्हणून या पुस्तकात ओकच्या झाडाचे एकॉर्न आहे, हेझलनट आहे, बीच नावाच्या वृक्षाचे फळ आहे. रानगुलाबाची लाल फळे आहेत, ब्लॅकबेरी आहे, कडवट पण मुरंब्यासाठी नावाजलेले रानसफरचंद आहे. रानगुलाबाच्या फांदीवर एका किड्यामुळे जी तांबूस, केसाळ गाठ धरते, तिलाही तिने एक पान दिले आहे. नाइटशेड या विषारी वेलीची परी तर मुलांना आपल्या फळांचा मोह घालते, आणि चांगल्या पऱ्या त्यांना बजावतात की, ती चाखू नका. ऋतूचे कौतुक करताना त्यातले विष तिने लपवले नाही.

तिच्या कामाची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. पऱ्या म्हणून बसायला बहिणीच्या बालवाडीतली मुले असत. त्यांचे पोशाख सिसिली स्वतः शिवी. पंखांसाठी बारीक काटक्या आणि झिरझिरीत कापड वापरी. चितारायची ती फांदी किंवा ते फळ खरेखुरे मुलाच्या हातात देई आणि मगच चित्र काढी. बदल करायची तो फक्त आकारात. हवी ती वनस्पती मिळाली नाही, तर क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती उद्यानातली माणसे तिला नमुने आणून देत.

हे सारे कोणत्या काळात चालले होते? शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल तेव्हा पऱ्या खरोखर असतात असे सांगत होते. कॉटिंग्ले या खेड्यातल्या दोन मुलींनी १९१७ मध्ये पऱ्यांबरोबर छायाचित्रे काढली होती. डॉइलसाहेबांनी १९२० मध्ये ती मासिकात प्रसिद्ध केली आणि १९२२ मध्ये त्यांवर पुस्तकच लिहिले. त्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, ही कबुली त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये दिली. सिसिलीने मात्र वाचकांना कधी फसवले नाही. १९४८ च्या आपल्या एका पुस्तकाच्या प्रास्ताविकात तिने मुलांना सरळ सांगितले की, यातली झाडे-फुले मी खरी समोर ठेवून काढली आहेत, पण परी मी कधी पाहिलेली नाही. परी खोटी आणि पान खरे, हा करार तिने शेवटपर्यंत पाळला.

आता तुम्ही विचाराल, एकॉर्न आणि रानगुलाबाची फळे मुलांना ओळखता आली काय, न आली काय, बिघडते कुठे? याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासातच सापडते. हॉर्स चेस्टनट नावाचे एक झाड तिथे आहे. त्याच्या तपकिरी, गुळगुळीत बियांना मुले कॉंकर म्हणतात. दोरीत ओवून एकमेकांच्या कॉंकरवर आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला, असा त्यांचा खेळ. १९१७ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, सरकारने शाळकरी मुलांना हेच कॉंकर गोळा करायला सांगितले. कशासाठी ते सांगितले नाही. तोफगोळ्यांसाठी लागणाऱ्या कॉर्डाइट या दारूला ॲसिटोन हवे होते आणि ते या बियांतल्या पिठूळ भागापासून काढायचा प्रयत्न चालला होता. मुलांनी इतक्या बिया जमवल्या की काही स्थानकांवर त्यांचे ढीग पडून कुजले. प्रयोगही फारसा साधला नाही.

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट अधिक आनंदाची आहे. संत्री-लिंबे घेऊन येणारी जहाजे कमी झाली आणि मुलांना क जीवनसत्त्व मिळेनासे झाले. रानगुलाबाच्या फळांत ते भरपूर असते. १९४१ पासून शाळकरी मुले, बायका, स्वयंसेवक कुंपणाकुंपणांवरून ही फळे तोडू लागले. त्यांचे सरबत करून ते लहान मुलांना देण्यात आले. दरवर्षी शेकडो टन फळे जमत. ज्यांना ती ओळखता येत होती त्यांनीच ती आणली, हे उघड आहे. लाल तर नाइटशेडची फळेही असतात.

या हकिकतीचा पुढचा भाग आपल्या काळातला आहे. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या मुलांसाठीच्या 'ज्युनिअर डिक्शनरी'ची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात ब्रॉडबँड, ब्लॉग, व्हॉइसमेल असे शब्द आले. जागा करण्यासाठी काही शब्द गेले. गेलेल्यांत एकॉर्न होते, बीच होते, हेझल होते, कॉंकरही होते. सिसिलीने ज्यांना एकेक पान दिले होते, त्यांना शब्दकोशात एकेक ओळ राहिली नाही. मुले जे शब्द वापरतात तेच कोशात येणार, ही संपादकांची बाजू. ती चुकीची म्हणता येणार नाही. पण मुलांच्या कानावर शब्द पडलाच नाही, तर ती तो वापरणार कसा? २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवूड यांच्यासह अठ्ठावीस लेखक-कलावंतांनी प्रकाशकांना पत्र लिहून हेच विचारले. २०१७ मध्ये रॉबर्ट मॅकफर्लन आणि जॅकी मॉरिस यांनी 'द लॉस्ट वर्ड्स' नावाचे चित्रपुस्तक काढले. त्यात एकॉर्न आणि कॉंकर पुन्हा चित्रांसह आले. लोकांनी वर्गणी काढून ते पुस्तक अनेक शाळांत पोचवले. नव्वद वर्षांनी पुन्हा चित्रपुस्तकालाच ते काम करावे लागले.

आपल्याकडे या ऋतूचे नावच थोडे घोटाळ्यात आहे. 'ऑटम' म्हणजे शरद, असे आपण भाषांतर करतो आणि चित्रात पाने गळताना दाखवतो. आपल्या आश्विन-कार्तिकात पाने गळत नाहीत. भात कापणीला आलेले असते, डोंगरउतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असते, दारावर झेंडू येतो. आपली पानगळ शिशिरातली. इंग्रजी पुस्तकातला ऋतू पाठ करून घराबाहेर पडलेल्या मुलाला त्यामुळे बाहेरचा ऋतू दिसतच नाही.

ओळखीचे म्हणाल, तर दसऱ्याला आपण सोने म्हणून जी पाने वाटतो, ती अनेकदा कांचनाची असतात. आपटा म्हणून विकली जातात आणि आपण घेतो. हस्त नक्षत्रात हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती मुली हादग्याची गाणी म्हणतात. हादगा हे एका झाडाचे नाव आहे, त्याच्या फुलांची भाजी करतात, हे त्यातल्या किती जणींना कुणी सांगितलेले असते?

सिसिली बार्कर १९७३ मध्ये वारली. वसंताच्या पुस्तकाला त्या वर्षी पन्नास वर्षे झाली होती. तिच्या पऱ्या आपल्याकडे आणायची काही गरज नाही. पण तिने केले तेवढे आपल्याला करता येईल. आपटा आणि कांचन यांची पाने शेजारी शेजारी ठेवून नीट चितारावीत, हादग्याचे फूल, सोनकी, भाताची लोंबी काढावी आणि प्रत्येकाखाली त्याचे नाव ठळक अक्षरात लिहावे. शरदाचे मराठी चित्रपुस्तक तेवढ्यावरही उभे राहील. तोवर या दसऱ्याला पान हातावर ठेवताना ते कशाचे आहे, एवढे घरातल्या मुलाला सांगावे.