बरोबरीचे मानकरी

बुद्धिबळात डाव बरोबरीत सुटला की दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो. पण स्पर्धा संपते तेव्हा सुवर्णपदक एकच असतं. मग सारख्या गुणांच्या दोन मुलांपैकी पहिला कोण?

२००२ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर, हेराक्लिऑनला, १२ वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. रशियाचा इयान नेपोम्नियाची आणि नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन, दोघेही १९९० साली जन्मलेले, सारख्याच गुणांवर आघाडीला राहिले. अशा वेळी टायब्रेक लावतात. त्याचे नियम अनेक. एका नियमात आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज पाहतात. मी संगणकाकडून याद्या क्रमवार लावून घेते, तेव्हा दोन नोंदी सारख्या निघाल्या तर त्यालाही असाच एक जादा नियम द्यावा लागतो. त्यानं यादी लागते. कोण सरस, हे त्यातून कळत नाही. टायब्रेकवर इयान जगज्जेता ठरला आणि मॅग्नस उपविजेता.

पुढे २०१३ मध्ये मॅग्नसनं चेन्नईत आपल्या विश्वनाथन आनंदला हरवून जगज्जेतेपद पटकावलं. २०२१ मध्ये दुबईत त्याचा आव्हानवीर होता इयान. पहिले पाचही डाव बरोबरीत सुटले. सहावा १३६ चालींचा, पावणेआठ तास चाललेला. जगज्जेतेपदाच्या लढतींतला तो सर्वांत लांब डाव. तो मॅग्नसनं जिंकला आणि लढतही.

३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये अतिजलद बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरीला पुन्हा हेच दोघे. पहिले दोन डाव मॅग्नसचे, पुढचे दोन इयानचे. मग जो जिंकेल त्याचं विजेतेपद, असे तीन डाव झाले, तिन्ही बरोबरीत! तेव्हा मॅग्नसनं विजेतेपद वाटून घ्यायचं सुचवलं, इयाननं होकार दिला आणि जागतिक महासंघानं ते मान्य केलं. टीका खूप झाली. निकाल लागेपर्यंत खेळायला हवं होतं, हे म्हणणं चुकीचंही नाही. तरी बारा वर्षांखालच्या गटात आकडेमोडीनं मागे-पुढे झालेले दोघे चौतिशीत एकत्र पहिले आले, याचा मला आनंद वाटतो.

आपल्या वर्गातही सारख्या गुणांची मुलं होती. प्रगतिपुस्तकात क्रमांकाचा रकाना होता, तो सर आणि बाईंना भरावाच लागे. स्नेहमेळाव्याच्या यादीत तो रकाना नाही. ज्यांचं नाव तेव्हा एका ओळीनं खाली गेलं, त्यांनी यंदा आवर्जून यावं.